माझ्याकडे दिसतंय

४ नोव्हेंबर, सोमवार
लॅबच्या वेबसाइटवर पेशंटना रिपोर्टची पीडीएफ दिसत नाही म्हणे. नुसतं पांढरं पान. काउंटरवरच्या बाईंनी फोन करकरून भंडावलं. वेबसाइट मी सांभाळतो, म्हणून मी उघडून पाहिलं. माझ्याकडे दिसतंय. म्हणजे वेबसाइट ठणठणीत. पेशंटना कॅशे क्लिअर करायला सांगा म्हटलं. संकल्प : कुणावर वैतागायचं नाही.

५ नोव्हेंबर
ताईचा फोन. तिच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट आमच्याच लॅबचा. साधी आहे की काढावी लागेल, ते त्यात. उघडला तर कोरा. म्हटलं, ताई, तुझा फोन जुना. असेल बाबा, म्हणाली. काउंटरवर जाऊन कागद घेऊ का, असंही विचारलं. घरचा माणूस असताना रांगेत कशाला उभी राहतेस, असं सुनावलं. फोन ठेवल्यावर जरा कसंतरी झालं. पण फोन खरंच जुना आहे.

६ नोव्हेंबर, दुपार
ताईने भावजींच्या नव्या फोनवर पाहिलं. कोरं. म्हटलं, नेट स्लो असेल. तिने शेजाऱ्यांचं वायफाय मागून घेतलं. कोरं. एकेक करून माझ्या सबबी संपवतेय ही.
बायको म्हणाली, तूच कागद नेऊन दे ना. अरे, मीच कागद नेला तर वेबसाइट बिघडलीय असं मीच कबूल केल्यासारखं होईल. उद्या पहिलं काम वेबसाइटचंच.

७ नोव्हेंबर
पहिलं काम चहा. मग ब्राउझरवाल्यांना कडक मेल. साहेबांनी विचारलं, एवढ्यात काही बदललं होतंस का. नाही म्हटलं. गेल्या शुक्रवारी सुरक्षेसाठी एक ओळ टाकली होती, की आपली फाइल कुठल्याही पानातल्या चौकटीत उघडू द्यायची नाही. पण त्याबद्दल साहेबांनीच शाबासकी दिली होती. शाबासकी मिळाली म्हणजे तो बदल नव्हे, ते काम.

८ नोव्हेंबर
आईचा फोन. ताईला जेवण जात नाही. तू तिथे आहेस म्हणून तिला धीर आहे, म्हणाली. मीही आज ऑफिसातून डबा तसाच परत आणला. मला लाज वाटली, उगाच कशाला लपवा.
संध्याकाळी पहिल्यांदाच पेशंटच्या लॉगिनने उघडलं. कोरं. माझं लॉगिन ॲडमिनचं, मला रिपोर्ट वेगळ्या टॅबमध्ये उघडतो. पेशंटला उघडतो आमच्याच पानातल्या चौकटीत. आणि चौकटीला बंदी माझीच. काखेत कळसा, गावाला वळसा, आणि कळसा काखेत मारणाराही मीच. ‘आपली चौकट सोडून’ एवढं त्या ओळीत जोडलं. दिसलं. उड्या मारायच्या बाकी होत्या. आता सगळं भरून निघालं.

९ नोव्हेंबर, शनिवार
मुद्दाम ताईकडे गेलो. तिच्याच जुन्या फोनवर उघडलं. ठसठशीत. झूम करून दाखवलं. दुसऱ्या पानावर नेलं. लोगोसुद्धा फाटत नाही, हे आईला दाखवलं, भावजींना दाखवलं. होईल म्हटलं होतं ना, असंही वर म्हणालो. ताई फोनकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.
“दिसतंय रे,” ती म्हणाली. “आता वाच की.”
तेव्हा वाचलं. साधी नाही. सर्जनना ताबडतोब दाखवावे, असं लिहिलं होतं. वरच्या कोपऱ्यात तारीख होती, पाच नोव्हेंबर. तीसुद्धा अगदी स्वच्छ दिसत होती.