भीती दाराबाहेर काढून ठेव

प्रिय ओको,

माझं अक्षर बघून तुला वाटेल, कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून पळत गेली. वाटू दे. मास्तरही हेच म्हणायचे आणि मी त्यांच्याच आवाजात त्यांना "बस खाली, गाढवा" म्हणायचो, म्हणून तर माझी शाळा अशी अर्धवट राहिली. पण तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. ते निळे टिक मला दिसतात रे, मी काय आंधळा आहे? म्हणून हे लिहितोय. मासळीच्या ट्रकवरचा लार्टे ताकोराडीला येतोय, त्याच्या हातात देतो. कागदाला वास आला तर तो त्याचा, माझा नाही.

इथे होमोवो सणाच्या आधीची आवाजबंदी चालू आहे. ढोल बंद, लाऊडस्पीकर बंद, चर्चमध्ये लोक असे गातात की जणू शेजारी कुणी आजारी आहे. कोच अडोटेने जिममधल्या घंटेला फडकं गुंडाळलंय. राउंड संपला की तो नुसता हात हलवतो, पोरं बघतच नाहीत, ठोसे देत राहतात, मग कोच मधे घुसतो आणि दोन्हीकडून मार खातो. आपली अख्खी बुकोमची वस्ती कुजबुजत चाललीये. माझ्यासारख्याचे किती हाल होत असतील बघ. परवा मी हळूच कोचच्या आवाजात "ओझो, ग्लोव्हज धुऊन टाक" म्हणालो, तर त्या येड्याने खरंच धुतले. अजून ओले आहेत.

आता तुझ्या जुळ्याचं, अक्वेतेचं. आई सगळ्यांना सांगते की तो बरा आहे, आणि तुलाही तेच लिहायला सांगितलंय. तर लिहिलं. आता खरं सांगतो. बंदी उठली की होमोवोच्या दुसऱ्या शनिवारी तो पुन्हा रिंगमध्ये उतरणार आहे. डॉक्टर नको म्हणाले. कोचने तर त्याला जिमच्या दारातूनच परत पाठवलं, आणि त्या दिवशी कोच रडला, ते सोंग नव्हतं. पण खाडीपलीकडचा एक माणूस लढती भरवतो, त्याला असलं काही लागत नाही. त्याला पडल्यावरही उठणारा पोरगा हवाय. अक्वेते उठतो. तुला माहितीये तो कसा उठतो.

मी बरेच दिवस विचार करतोय, हे सगळं सुरू कुठून झालं. आईच्या त्या नियमापासून, असं मला वाटतं. जुळ्यांना सारखंच द्यायचं, नाहीतर ज्याला मिळालं नाही तो रुसतो आणि आजारी पडतो. तुला सँडल तर त्याला सँडल. तुला गोवर झाला तेव्हा औषध त्यालाही पाजलं, आणि तो बिचारा ठणठणीत असून दोन दिवस गुंगीत पडून होता. तुमच्या जुळ्यांच्या सणाला दोघांच्या ताटात अंडं घातलेला पिवळा कुस्करलेला सुरण, अंडीसुद्धा मोजून सारखी, आणि जुळ्यांच्या पाठीवर जन्मलेल्या टावियाला पातेलं खरवडून मिळेल ते. मी तक्रार करत नाहीये. खरवड सगळ्यात चांगली लागते.

मॅडम लामिलेकडे आपण पहिल्यांदा गेलो ते आठवतं ना? औषधाच्या दुकानावरची ती खोली, पंखा कुरकुर करणारा. रस्त्यावर सगळे तिला 'झोपवणारी बाई' म्हणायचे आणि मी तर घरून निघतानाच डोळे पांढरे करून दाखवत होतो. तेव्हा तू प्रत्येक लढतीआधी ओकायचास. बादली घेऊन मागे उभं राहायचं काम माझं. पोरं तुला 'बादली चॅम्पियन' म्हणायची, तेही मीच पसरवलं असं तुला वाटतं, पण ते ओझोचं काम. सरावात तू अक्वेतेपेक्षा भारी होतास हे सगळ्या जिमला ठाऊक होतं. रिंगच्या दोरीच्या आत गेलास की तुझे हात दुसऱ्या कुणाचे तरी व्हायचे. वर्गातही तेच, उत्तर येत असून तू उभा राहायचा नाहीस. कोच म्हणाला, "ह्या बाईकडे जाऊन या. तिने त्या गोलकीपर पोरीला बरं केलंय, जी बॉल आला की डोळे मिटायची."

मला वाटलं होतं लोलक असेल, मेणबत्ती असेल, कोंबडीही असेल कदाचित. तसलं काहीच नाही. तिने तुला खुर्चीत बसवलं आणि श्वास मोजायला लावला. आवाज एवढा साधा, जणू मासे कसे तळायचे ते सांगतेय. तुझी मान कलली. मग ती म्हणाली, "ओको, दोरी म्हणजे घराचं दार. दारात चपला काढतोस ना? तशी भीती दाराबाहेर काढून ठेव आणि आत जा. बाहेर आलास की परत घाल. ती तुझीच आहे, कुणी नेणार नाही." मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. मला तिला हसवायचं होतं म्हणून मी घोरण्याचं नाटक सुरू केलं, आणि शपथेवर सांगतो, खरंच झोपलो. उठलो तेव्हा तू माझ्याकडे बघून हसत होतास. कितीतरी दिवसांनी हसला असशील.

त्यानंतर बादली धुऊन आईने तिच्यात साबण ठेवायला सुरुवात केली. तू जिंकायला लागलास. वर्गात उभा राहून बोललास, मास्तरांना वाटलं मीच तुझा आवाज काढतोय, मला बाहेर काढलं. म्हणून कुणी म्हणालं की ती बाई फसवणारी, तर मी भांडतो. ती फसवणारी नव्हती. तुझ्यासाठी तर मुळीच नव्हती.

पण आईला चैन पडेना. एकाला दिलं, दुसऱ्याला नाही! ती अक्वेतेचा हात धरून वर गेली. मॅडमने त्याला विचारलं, "तुला कसली भीती वाटते?" आपला अक्वेते म्हणाला, "ओको हरेल याची." ती आईकडे वळून म्हणाली, "मावशी, ह्याला गरज नाही. ज्याच्या पोटात गाठच नाही त्याची काय सोडू?" आई म्हणाली, "जुळा आहे तो. उद्या तापाने फणफणला तर तू येणार आहेस का उशाला?" ती नाही म्हणाली. आई दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पानात बांधलेल्या मक्याच्या केंकीचं अख्खं टोपलं घेऊन. शेवटी बाईच ती, आणि आपल्यातलीच. तिच्याही घरात जुळे झाले असतील, तीही घाबरली असेल. ती तयार झाली.

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण मला वाटतं तू ते चुकीचं लक्षात ठेवलंयस. अक्वेते काही केल्या झोपेना. मॅडम बोलायला लागली की तो फिसकन हसायचा, आणि मी समोर बसून तोंडं करत होतो हे त्यातलं अर्धं कारण. मग मॅडमनेच तुला सांगितलं, "तू बोल त्याच्याशी, तुझं तो ऐकेल." तू त्याचा हात धरलास आणि तेच बोललास, दोरी, दार, चपला. त्याने एका श्वासात मान टाकली, बाळासारखी. तू चांगलं करायला गेलास ओको. तुला जे मिळालं ते भावाला दिलंस. त्यात कुणी काय चूक काढावी?

फक्त, त्याच्याकडे जेवढी होती ना भीती, ती थोडीशीच होती, आणि तीच त्याचे हात गालापाशी ठेवत होती. हे आपल्याला कुणाला ठाऊक नव्हतं. मॅडमला होतं बहुतेक.

कुमासीच्या त्या पोराबरोबरची लढत. त्या दिवशी आधी तू जिंकलास, घाम पुसत दोरीपाशी येऊन उभा राहिलास. तिसऱ्या राउंडला अक्वेते थकला होता, मागे सरकत होता. तू ओरडलास, "अक्वेते, दाराबाहेर!" नेहमीसारखंच. आणि त्याने हात खाली सोडले. दोन्ही. सरळ चालत गेला त्या पोराकडे, जसं कुणी आपल्या अंगणात जातं. त्या पोरालाही क्षणभर कळेना काय करावं. मग त्याला कळलं. अक्वेते उठला, पुन्हा तसाच चालत गेला. रेफरीने थांबवेपर्यंत कितीदा उठला ते मी कुणाला सांगत नाही. मी वळून बघितलं तर तुझी जागा रिकामी होती. तू दवाखान्यात नव्हतास, घरी नव्हतास. मग ताकोराडीहून काकाचा फोन आला की तू टायरच्या दुकानात आलायस आणि बोलत नाहीयेस.

आता तो कसा आहे विचारशील तर, दिसायला झकास. जेवतो. केंकी सोलतो आणि मग पानही तोंडात घालतो, मी काढून घेतो. डाव्या बाजूने कुणी आलं तर दिसत नाही. आईला कधीकधी 'ताई' म्हणतो. हे सगळं मी सहन करीन, पण तो रस्ता ओलांडतो ना, ते बघवत नाही. ट्रोट्रोची व्हॅन अंगावर येत असते, ड्रायव्हर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतो, आणि हा चालतोय, हसतमुख. समुद्र खवळलेला असताना पाण्यात शिरला, नाववाल्यांनी केस धरून ओढला. डॉक्टर म्हणतात झोपवण्याबिपवण्याचा काही संबंध नाही, डोक्याला मार लागला की असं होतं, माणसाला धोका कळेनासा होतो. अजून एक बसला तर मग माझ्याकडे आणू नका, असं म्हणाले. त्याच्यापुढेच म्हणाले. तो म्हणाला, "बरं."

मॅडम लामिले येते अधूनमधून. दाराबाहेर उभी राहते, आई आत घेत नाही. एकदा मी तिला गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला गेलो, म्हटलं, "घाला की परत, जे काढलं ते." ती म्हणाली, "माझ्या आवाजाने काढलं नव्हतं रे. मी किती बोलले त्याच्याशी, तो नुसता हसतो. ते जमेल की नाही ठाऊक नाही, डॉक्टरचंच खरं असेल. पण ऐकलं तर तो एकाचंच ऐकेल." मग ती तिथेच कठड्यावर बसली, आणि मला पहिल्यांदाच कुणाची नक्कल करावीशी वाटली नाही.

पण दुसऱ्या दिवशी केलीच. तुझी. मी त्याच्या मागे उभा राहिलो आणि तुझ्या आवाजात बोललो, तो घसा खरवडल्यासारखा आवाज, आई शेजारच्या खोलीतून "ओको?" म्हणत धावत आली इतका हुबेहूब. मी म्हणालो, "अक्वेते, शनिवारी जाऊ नकोस. घाबर." त्याने वळूनही बघितलं नाही. म्हणाला, "टाविया, सर्दी झालीये का तुला?" आई मात्र तुला घरभर शोधत होती. त्या दिवशी आईने मला मारलं नाही. मारायला हवं होतं.

परवा आम्ही दोघं धक्क्यावर बसलो होतो, जाळी सुकत होती, कुणाचाच आवाज नाही. तो म्हणाला, "ओको का गेला रे?" मी म्हटलं, "घाबरला." मग मला विचारलं, अगदी मनापासून, लहान पोर विचारतं तसं, "घाबरतात म्हणजे काय होतं? आत काय होतं?" मी म्हटलं पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात. तो म्हणाला, "हे तर भुकेचं सांगतोयस."

तर हे पत्र त्यासाठी. तू परत ये असं मी लिहीत नाही. आई म्हणेल, कोच म्हणेल, मी म्हणत नाही. तू इथे आलास तर सगळे तुझ्याकडे बघतील आणि तू पुन्हा धीट असल्याचं नाटक करशील, त्याचा काही उपयोग नाही. तू फक्त फोनमध्ये बोल आणि मला पाठव. त्याला जाऊ नको म्हणून सांगू नकोस, ते सगळ्यांनी सांगून झालं. त्याला सांग, त्या दिवशी दोरीपाशी तुझ्या आत काय झालं. पाय कसे वळले, बसमध्ये बसलास तेव्हा छातीत काय चाललं होतं, काकाच्या दुकानात टायर फुटला की अजून काय होतं तुला. सगळं, लाज न ठेवता. मी त्याच्या उजव्या कानाला फोन लावीन, डाव्याने कमी ऐकू येतं. लढतीच्या त्या शनिवारच्या आत पाठव. आणि बोलताना आवाज थरथरला तर थांबून पुन्हा नीट रेकॉर्ड करू नकोस, ओको. थरथरलेलाच पाठव. नीट आवाज मला काढता येतो.

तुमच्या दोघांच्या पाठीवरचा, तुझाच,
टाविया