न्हाईचं न्हाय केलं, अण्णा

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. आज लिहितेय, कारण आज राग अनावर झालाय, आणि त्यातला निम्मा तुमच्यावर आहे.

तुमचा सिनेमा बघितला. हो, तोच, रेडिओच्या सुवर्णकाळावरचा, विनोदी! तुमच्या सुतकात सांगलीत लागला आणि सुतकातच उतरला. परवा स्टँडजवळचं डीव्हीडीचं दुकान कायमचं बंद होत होतं, तिथल्या ढिगात सापडला. प्लेअर शेजारून मागून आणला. आई इस्त्रीचं लुगडं नेसून बसली. तुम्हाला बघायला नव्हे, फोटो आहेत की भिंतीवर. ऐकायला!

कारण घरात तुमचा आवाजच नाही. उभा जन्म रेडिओच्या शेतकरी कार्यक्रमात बोललात, पार कवठे महांकाळपर्यंत माणसं तुम्हाला आवाजावरून ओळखायची, आणि घरात एक कॅसेट नाही! मी टेपरेकॉर्डर पुढे केला की म्हणायचात, "आवाज हवंत सोडायचा असतोय गं. डब्यात भराया त्ये काय लोणचं हाय?" रेडिओ केंद्रातल्या तुमच्या फितींवर मग दुसरे कार्यक्रम भरले. लोणचंच बरं होतं की हो!

सिनेमावाले आपल्या घरी पुढच्या सोप्यात बसून तुमचे किस्से ऐकायचे, तेव्हा किती खुशीत होतात तुम्ही! ते किश्शांवर हसत होते, की तुमच्या बोलण्यावर? कधी शंकासुद्धा आली नाही? माइकपुढच्या शेतकऱ्याची एवढीशी भूमिका दिली, तर तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत.

आज पडद्यावर आलात. तोच फेटा, बोलण्याआधी घसा खाकरायची तीच सवय. तोंड उघडलंत आणि आवाज आला भलत्याच माणसाचा, डबिंग केलेला, "आमच्याकडं पाऊस न्हाय बा!"

न्हाय! अण्णा, तुम्ही जन्मात कधी 'न्हाय' म्हणाला नाहीत. आपल्याकडं 'न्हाई'. एखादा नवा कलाकार चुकला की तालीम थांबवून विचारायचात, "ही कुठल्या गावची भाषा रं गड्या? नाटकातल्या गावची?" आणि त्यांनी तुमच्याच तोंडात ती कोंबली. तुमची बोली त्यांना पुरेशी गावंढळ वाटली नसेल!

आई कडाडली, "ह्यो कोण मुडदा बोलतूया ह्यांच्या तोंडानं? बंद कर!"

मी टीव्ही बंद करायला उठले.

"टीव्ही न्हाई गं. आवाज बंद कर. आन् पुन्ना लाव."

पुन्हा लावला. मुक्या पडद्यावर तुमचे ओठ हलले आणि आई म्हणाली, "आमच्याकडं पाऊस न्हाई बगा."

ओठ तंतोतंत जुळले. शूटिंगच्या आधी स्वयंपाकघरात तुम्ही तिला हेच वाक्य म्हणून म्हणून हैराण केलं होतंत ना? नंतर ती पदर तोंडाला लावून रडली. मला रडू आलं नाही. संताप आला.

तुमचा आवाज गेला तो गेला. त्याबद्दल त्यांनाही माफी नाही आणि तुम्हालाही नाही. पण एक वचन देते. उद्या सकाळी आई भाकरी थापत बोलत असेल, तेव्हा मी फोनवर तिचा आवाज भरून घेणार. ती नाही म्हणेल.

तिचं ते 'न्हाई'सुद्धा भरून घेईन.

तुमच्यावर अजून रुसलेली,
शालन