एक राउंड जास्तीचा

रविवार, संध्याकाळ

सकाळी योगा, मग विहारात वंदना, संध्याकाळी शुगरसाठी चालणं. सुनंदा म्हणे, "सगळ्याले टाइम हाय तुमच्यापाशी, बायकोलेच नाही." म्हणून आज तिले तेलीबांधा तलावावर घेऊन गेलो. चालणंही होईल, तिले वेळ देणंही होईल. काय डोकं माह्यं!

दहा पावलांतच तिचा गुडघा दुखला. बाकावर बसली अन् म्हणाली, "तुम्ही या जाऊन." पहिला राउंड मारून आलो, तर तिनं बाकावरून हात हलवला. मीही हलवला. दुसऱ्या राउंडले तिच्या बाजूले कोणी अनोळखी बाई होती. सुनंदा तिले सांगून राहिली होती, "दो महीने से नींद नहीं आती दीदी. इनको नहीं बताया, टेंशन लेंगे."

दोन महिने. अन् मी बाजूलेच घोरत असतो.

रोज दोनच राउंड मारतो. थांबाले पाहिजे होतं. पण थांबून विचारलं काय असतं? त्या बाकासमोरून मान खाली घालून तसाच पुढं गेलो.

घरी येताना तीच म्हणाली, "आज एक जास्तीचा मारला न? बरं झालं. शुगर उतरन तुमची."