रेहोबोथची किल्ली

नांट-ई-गारेग
१६ मे १९९४

चि. येस्टिनला ताईचे अ. आ. कान पिळायचा राहिलाय, तो खाली पिळते.

आपलं रेहोबोथ चॅपेल आता पाहुण्यांचं घर म्हणून छान दिसतं. छप्पर गळत नाही, आणि बर्मिंगहॅमहून आलेलं पहिलं पाहुणे जोडपं गादीवर खूश आहे. चॅपेलचा कारभार पाहणारे बाबा आणि बाकीचे डीकन बसायचे त्या मोठ्या बाकाच्या जागी तू न्हाणीघर केलंस, म्हणून गावानं तुझं बारसं केलंय. दूध-ह्यू आणि पाव-एल्विन होतेच, आता न्हाणी-येस्टिन. एल्विन मला विचारत होता की न्हाणी-येस्टिन प्रार्थना अंघोळीआधी म्हणतो की साबण लावल्यावर. मी हसले, आणि दुकानातून लवकर निघाले.

खरी गोष्ट आईची. झाडलोट, दिवे, कुलूप हे सगळं इतकी वर्षं तिच्याकडे होतं. चॅपेल बंद झालं, तू विकत घेतलंस, पण मोठी किल्ली परत मागायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. काल रविवारी दहा वाजता तिने काळी हॅट घातली, कुलूप उघडलं आणि आत गेली. पाहुणे रात्रीच्या कपड्यांत अंडी खात होते. आपलं बाक होतं तिथे आता तुझं जेवणाचं टेबल आहे. आईने त्यांना मान लवून नमस्कार केला, एक खुर्ची ओढून बसली, डोळे मिटले, एक गीत म्हटलं आणि घरी आली. नंतर त्या जोडप्यातला माणूस माझ्याकडे आला आणि म्हातारीला बरं नाही का, असं हळूच विचारू लागला. मी म्हटलं, हो, जरा विसरते.

ती काहीही विसरत नाही, येस्टिन. मला तिची लाज वाटली, म्हणून मी तसं म्हटलं. आता माझी वाटते.

काय करू ते लिही. लोभ ठेव, उत्तर त्याहून लवकर ठेव.
तुझी,
एरियन

कार्डिफ
२० मे

ती. ताईस सा. न. वि. वि. एवढीच की घाबरू नकोस.

न्हाणी-येस्टिन हे नाव मला आवडलं. एल्विनला सांग, मी साबण लावताना गीत म्हणतो, प्रार्थना बिल आल्यावर. अगं, परक्याच्या घशात जाऊ नये म्हणूनच मी ते घेतलं. पण घेतलं तर चालवायला नको? लोक शांतता मिळावी म्हणून येतात. नाश्त्याला हॅटवाली आजी आली तर पुन्हा कोण येईल?

कुलूप बदलून टाक. जुनं गंजून मोडलं असं आईला सांग. मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही, तुझी भाषा माझ्यापेक्षा चांगली आहे.

तुझ्या हातच्या बेदाण्यांच्या पावावर आणि तुझ्यावर माझा जीव आहे, याच क्रमाने.
तुझा,
येस्टिन

नांट-ई-गारेग
६ जून

चि. येस्टिनला आ.

कुलूप बदललं. जुनं मोडलं असं आईला सांगितलं. ती म्हणाली की दर ऑक्टोबरात त्याला ती स्वतः तेल घालत होती. मग माझ्या कपात चहा ओतला आणि साखर हवी का विचारलं. मी साखर घेत नाही हे तिला माहीत आहे.

काल ती तरीही गेली. एल्विनने गाडीतून पाहिलं आणि मला येऊन सांगितलं, या वेळी त्याने थट्टा केली नाही. आईने जुनी किल्ली लावून पाहिली, ती फिरेना. मग तिने दार वाजवलं. ज्या दाराने तिने सगळ्या गावाला आत घेतलं, ते दार तिने परक्यासारखं वाजवलं. आत पाहुणे होते, कुणी उठलं नाही. ती घरी आली, हॅट डब्यात ठेवली आणि बटाटे सोलायला बसली. मीही सोलले.

तुझा लोभ असू दे. माझा माझ्यावरचा सध्या आटलाय.
एरियन

कार्डिफ
४ जुलै

ती. ताईस सा. न. आणि एक उडीसुद्धा.

तो बर्मिंगहॅमचा माणूस वर्तमानपत्रात लिहितो! कात्रण सोबत आहे. जुन्या चॅपेलात रविवारी सकाळी अचानक एक वेल्श आजी येते, तिच्या गीताने भिंती जाग्या होतात, वगैरे. फोन थांबत नाही गं! सगळे विचारतात, ती आजी येते ना?

नवी किल्ली पाठवतोय, आईला दे. रविवारी दहालाच जाऊ दे, आणि काळीच हॅट घालू दे, लेखात काळी आहे. कारण सांगायची गरज नाही. जायचं तर तिलाही होतंच की. सगळ्यांचंच भलं!

हसलीस तर लोभ, रागावलीस तरी लोभ.
येस्टिन

नांट-ई-गारेग
१७ जुलै

चि. येस्टिन,

किल्ली आईसमोर ठेवली. ती बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, येस्टिनला आठवण झाली वाटतं. हो म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. एवढी आनंदली होती ती. पण तिच्याशी दुसऱ्यांदा खोटं बोलणं नाही जमलं. कात्रण काढून वाचून दाखवलं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. गीत कोणतं ते लिहिलंय का, असं विचारलं. नव्हतं लिहिलेलं. वरच्या सुरात आवाज फाटतो, ते तरी लिहिलंय का? तेही नव्हतं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली की तिला वाटलं होतं ते दोघं अंडी खातायत, त्यांचं तिच्याकडे लक्ष नाही. म्हणून तिने गीत मोकळेपणी म्हटलं होतं. किल्ली तिने तुझ्या पाकिटात परत घातली.

आज रविवार. दहाला ती हॅट घालून माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि मला पडदे ओढायला सांगितले. मी शेजारी बसले, लहानपणी बसायची तशी, आणि तिने तशीच पुदिन्याची गोळी माझ्याकडे सरकवली. गीतांचं पुस्तक उघडलं. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मी म्हटलं, आई, इथे कुणी नाही, मोठ्याने म्हण. ती म्हणाली, कोण कुठे बसून लिहून घेतंय, काय सांगावं.

माझी डायरी टेबलावरच होती. मी ती उचलून खणात टाकली. आज काही लिहिणार नाही. हे पत्रही वाचून झालं की जाळ.

दोन्ही किल्ल्या पाठवतेय. जुनीला तेल घातलंय, आईने.

लोभ मागायचं तोंड माझं नाही. तुझंही नाही. तिच्याकडे ये.
एरियन