दोनशे सत्तावन्न नावं आणि तीस खुर्च्या

प्रिय एमेट,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. कुत्र्याच्या पायातली काच निघाली, तुझ्या आईचा खोकला गेला आणि ओढ्यापलीकडे मक्याची पेरणी सुरू झाली. चार आठवड्यांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस, त्यात तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण पत्र फोनसारखं कापता येत नाही. फाडावं लागतं, आणि फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच. तेवढ्या भरवशावर धान्याच्या कोठारावर, माझ्या वजनकाट्याच्या खोलीत बसून लिहितोय. हातानं का लिहितोय, ते शेवटी सांगतो.

आधी शनिवारचं. तू आईला फोन केलास तेव्हा मी कुठे होतो हे तू विचारलं नाहीस, आणि तिनंही सांगितलं नसेल. मी इथेच होतो. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी इथे एकही ट्रक धान्य घेऊन येत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तरी मी सकाळी आठला डबा घेऊन आलो आणि काट्याखालचा खड्डा साफ करत बसलो. रेडिओवर एकेक फुटबॉल संघ आपण निवडलेल्या पोरांची नावं सांगत होता आणि मी झाडू मारत होतो. सहावी फेरी संपली. शेवटची, सातवी, अर्धी झाली. मग माझ्याच्यानं ऐकवेना, मी रेडिओ बंद केला. अर्ध्या तासानं बाहेर हॉर्न वाजला. बघतो तर तुझ्या आईनं गाडी थेट काट्यावर आणून उभी केलेली, अंगात ॲप्रन, एका पायात बूट, दुसऱ्यात सपात. आकडा उभा राहिला: तीन हजार सहाशे ऐंशी पौंड, तिच्यासकट. सवयीनं मी तो लिहूनही घेतला. ती काचेवर थापा मारत ओरडली, "वजन काय करतोस मेल्या! घेतलं त्याला! दोनशे एकोणपन्नासावा! घेतला!"

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला साठी उलटल्यावर कळलं. उपड्या बादलीवर बसलो आणि हसायला लागलो, ते हसू थांबेचना, आणि मग ते हसू राहिलं नाही. चार आठवडे तुझी आई माझ्याशी "ताट घे" आणि "कुत्र्याला सोड" यापलीकडे बोलली नव्हती. तिनं माझं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाली, "रड, रड. एवढ्या दिवसांत हे एक तरी खरं केलंस." आणि दुसऱ्याच क्षणी तिची काळजी सुरू झाली. समुद्राकाठचा संघ, तिथला उकाडा, लहानपणापासून तुला घामोळं येतं, त्या लोकांना हे कुणी सांगितलंय की नाही. मी म्हटलं, अर्लिस, ते पोराचं वजन-उंची मोजतात, घामोळं नाही. ती म्हणाली, तेच तर तुम्हा मोजणाऱ्यांचं चुकतं.

आता यादीचं. तुला ठाऊक असलेलंच लिहितोय, पण मला ते एकदा सगळं समोर मांडायचंय. व्यावसायिक फुटबॉलचे बत्तीस संघ, निवडीच्या सात फेऱ्या, आणि देशभरच्या कॉलेजांतून उचललेली दोनशे सत्तावन्न पोरं. कोण कुणाला उचलणार याची यादी मी एकतीस वर्षं आधीच लिहून देतोय. ती आपल्या साप्ताहिकात छापून येते, व्हर्नाच्या कॅफेत भिंतीला लागते, आणि तिच्याखाली गावातले दहाजण आपापल्या याद्या चिकटवतात. निवड संपली की सोमवारी सकाळी कॉफी आणि दालचिनीचे रोल खात मोजणी. जिंकणाऱ्याला काही नाही. हरणाऱ्याला शिक्षा: ज्या पोराला ओळखण्यात तो सगळ्यात जास्त चुकला, त्या पोराला चार पानी माफीचं पत्र, स्वतःच्या हातानं. व्हर्ना पानं मोजते, वाचत नाही, आणि टपालात टाकते. ड्वेन होलूबनं अशी चार पत्रं लिहिलीत. त्यातल्या एका क्वार्टरबॅक पोरानं त्याला उलट उत्तर पाठवलं होतं, "काका, तुमच्यापेक्षा माझी सासू माझ्याबद्दल बरं बोलते." ते अजून काचेत घालून गल्ल्यामागे लटकतंय. मी मात्र एकतीस वर्षांत एकदाही हरलो नाही. काटा खोटं बोलत नाही आणि लॅडी वाव्राची यादीही बोलत नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो. माज होता मला, कबूल करतो.

यंदा दहाच्या दहा याद्यांत तुझं नाव होतं. नऊ जणांनी सातव्या फेरीत घातलं होतं. ड्वेननं तर पाचव्या फेरीत, पण तो वेडाच आहे. फक्त माझ्या यादीत नव्हतं. ईस्टरला घरी येताना तू कॅफेत थांबलास आणि भिंतीसमोर उभं राहून ते वाचलंस. मग हॅमचं ताट पुढ्यात असताना मला विचारलंस, "बाबा, दोनशे सत्तावन्न नावं लिहिलीस. अकरा हिवाळे गॅरेजमध्ये माझे चेंडू कोण झेलत होतं रे?" मी काय म्हणालो ते शब्दन् शब्द आठवतंय मला. "झेलणारा वेगळा आणि यादीवाला वेगळा." तू हातातला घास खाली ठेवलास, आईच्या कपाळावर ओठ टेकवलेस आणि निघून गेलास. तुझी गाडी वळणापार झाल्यावर ती म्हणाली, "शाब्बास. आता यादीवाल्यानंच भांडी घासावीत." घासली मी.

माझ्याकडे कारणं होती, आणि तीही खोटी नव्हती. तू वाकून दोन पायांमधून चेंडू मागे फेकणारा. किक मारायची वेळ आली की आठ-दहा वेळा मैदानात जाणार, बाकीचा सामनाभर बाकावर. तू चुकलास तरच लोकांना तुझं नाव कळणार. असल्या पोराला संघ निवडीत सहसा घेतच नाहीत, सगळं आटोपल्यावर फोन करून बोलावतात. शिवाय आपला तो बाब्या, असं गाव म्हणालं असतं ते वेगळंच. ही सगळी कारणं मी तुझ्या आईला ऐकवली. तिनं शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "लॅडी, खरं कारण असलं की माणूस एकच सांगतो." तिला ते माहीत होतं. तुला माहीत नाही, कारण आम्ही दोघांनी तुला ते कधी सांगितलंच नाही.

मी कॉलेजात खेळलो एवढंच तुला ठाऊक आहे. चौऱ्याऐंशी साली माझंही नाव छापून आलं होतं. तेव्हा बारा फेऱ्या असायच्या, मंगळवारी आणि बुधवारी, आणि एका मोठ्या पेपरानं लिहिलं होतं की वाव्रा दहाव्या फेरीत जाईल. ते कात्रण तुझ्या आजीनं पिठाच्या डब्यावर चिकटवलं. बुधवारी सकाळी तिनं खसखशीचं आणि जर्दाळूचं सारण भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, भाजले, चर्चच्या हॉलमधून घडीच्या खुर्च्या आणल्या, आणि शेजारपाजारची वीस माणसं आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या फोनकडे बघत बसली. दहावी फेरी गेली. अकरावी गेली. दुपारी चारच्या सुमाराला फोन वाजला. वीसच्या वीस माणसं उठून उभी राहिली. आजीनं हात पुसले, फोन घेतला, ऐकलं आणि म्हणाली, "हो हो, उद्या सकाळी नक्की." चर्चमधून फोन होता. कुणाच्या तरी मयतानंतरच्या जेवणासाठी खुर्च्या परत हव्या होत्या.

बारावी फेरीही संपली. कोणी थट्टा केली असती तर बरं झालं असतं. एकेकानं उठून आपापली खुर्ची मिटवली, भिंतीला लावली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. खट, खट, खट. तो आवाज चाळीस वर्षं माझ्या कानात आहे, एमेट. आजोबा डुकरांना खाणं घालायला म्हणून गेले ते अंधार पडेपर्यंत परत आले नाहीत. उरलेले कोलाचे आजीनं कुणाला न दिसता कोंबड्यांना घातले. मला वाईट माझं वाटलं नाही, तिचं वाटलं. पुढे काही वर्षांनी मी याद्या करायला लागलो. जो आधीच सांगतो त्याला वाट बघत बसावं लागत नाही, असं काहीतरी गणित असणार माझं.

तर मार्चमधली एक संध्याकाळ. मी सातवी फेरी लिहीत होतो आणि तुझं नाव लिहून झालं होतं. पेन्सिलीनं का होईना, लिहिलं होतं, आणि लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नव्हता. तुझे चेंडू झेलून वाकडं झालेलं हे डाव्या हाताचं बोट आहे ना, त्याला विचार, तू कसा आहेस ते. तेवढ्यात आई फोनवर चर्चमध्ये कुणाला तरी सांगताना ऐकू आली, "त्या शनिवारी आमच्यासाठी तीस खुर्च्या ठेवा हं." मी खोडरबर घेतला. माझ्या यादीत तुझं नाव नसलं तर ती खुर्च्या आणणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. या गावात माझी यादी बघून लोक आपले बेत ठरवतात. झालंही तसंच. पेपर आला त्याच दिवशी तिनं खुर्च्या नकोत असं कळवून टाकलं. मला वाटलं, वाचवलं मी दोघांना.

काय डोंबल वाचवलं! शनिवारी तुझं नाव घेतलं गेलं तेव्हा तुझी आई ओट्याशी एकटी उभी होती. ज्या आनंदाला तीस खुर्च्या लागल्या असत्या, तो तिनं एकटीनं उभ्याउभ्या घेतला आणि सांगायला एक तरी माणूस हवा म्हणून एका पायात सपात घालून चार मैल गाडी हाकत आली. तू तिकडे लिंकन शहरात मित्राच्या खोलीत. आणि मी इथे, न येणाऱ्या ट्रकांची वाट बघत, झाडू हातात. माझी जुनी भीती मी तुम्हा दोघांच्या अंगावर घातली आणि वर तिला हिशोबीपणा म्हटलं. तू निवडला गेलास म्हणून मी सुटलो. नसतास निवडला गेलास तर मी बरोबर ठरलो असतो, आणि त्या बरोबर ठरण्याचं मी काय केलं असतं, देव जाणे.

काल सोमवारी मोजणी झाली. तुझ्या नावाचा गुण दहाही जणांना मिळाला, मला नाही. तरीसुद्धा मीच जिंकलो, सहा गुणांनी. हरला ड्वेन, पाचव्यांदा. तो बिचारा सवयीनं खिशातून पेन काढत होता, तेव्हा मी उठून म्हणालो, "ठेव ते. शिक्षा माझी." ड्वेन म्हणाला, "जिंकणाऱ्यानं माफी मागायची, असा नियम कुठाय?" व्हर्ना म्हणाली, "आजपासून आहे," आणि कोरे कागद माझ्यापुढे ठेवले. म्हणून हे हातानं लिहिलेलं पत्र. मी चुकलो, एमेट. तू जाणार हे मला ठाऊक होतं आणि मी ते पुसलं. चार पानं केव्हाच भरली, नियमापुरतं झालं, आता नियमाबाहेरचं एक. पुढच्या शुक्रवारी तू समुद्राकडे निघणार ना, तर गुरुवारी संध्याकाळी घरी ये. आई कोलाचे भाजणार आहे, दोन्ही प्रकारचे. चर्चमध्ये मी स्वतः जाऊन खुर्च्या मागून आलोय, तीस. परत कधी देणार, असं त्यांनी विचारलं. मी, लॅडी वाव्रा, त्यांना म्हणालो, सांगता येत नाही.

तुझे चेंडू झेलणारा, आणि तुझाच,
बाबा