ओल्या नळाचा फोटो

कॅम्प-१, भिलाई
४ मे

चि. भूषण यास अ. उ. आ.
फोन तुले लागत नाही, म्हणून पत्र. तुमच्या सर्वेचा शाश्वत विकासाचा रिपोर्ट आला. आपल्या गल्लीत नळाचं पाणी म्हणे शंभर टक्के! त्या दिवसापासून टँकर बंद. नळातून आठ महिन्यांत नुसती हवा आली. आई दुखरे गुडघे घेऊन बोअरिंगच्या रांगेत उभी राहून राहिली. टँकरवाला म्हणाला, रिपोर्टातला फोटो तुमच्याच घरचा आहे, नळ चांगला ओला दिसते. कोण्या नालायकानं काढला, शोध. मोठा सर्वेवाला ना तू?
वेळेवर जेव. रागावले तरी तुझीच,
सीमाताई

कांकेरकडून
१२ मे

ती. ताईस सा. न.
इथं चिंचेवर चढलं तरच नेटवर्क. त्या चिंचेले मोहोळ आहे, ते नंतर सांगतो.
तो नालायक मीच. नळ बसला त्या दिवशी आईनं हळदकुंकू लावून, माळ घालून वरून लोटाभर पाणी ओतलं, आठवते? तोच फोटो लावला. सर्वेच्या वेळी ऊन होतं, कंटाळा आला, तर तिकडे बोरसी भागात दोस्ताकडे कूलरसमोर बसून गल्लीची चाळीस घरं भरून टाकली. फॉर्मात विचारलं, नळ आहे का? आहे! पाणी येते का, हे कोणाच्या बापानं विचारलं नाही.
सुपरवायझरले चिंचेवरून फोन केला. तो म्हणते, आकडा वर गेला, आता कशाले खाली आणायचा, जिल्ह्याचा नंबर पडेल. अरे, माझी माय पडेल त्याचं काय? इतका ओरडलो की मोहोळच उठलं. डावा डोळा अजून बंद आहे.
एकच रस्ता आहे. घरमालकिणीनं लिहून द्यायचं की सर्वेवाल्यानं खोटं भरलं. मग फेरतपासणी होते, माझं काम जाते. जाऊ दे. आईची सही घे. माझं नाव पूर्ण लिही, बाबांच्या नावासकट.
माया पातळ करू नको,
भूषण

कॅम्प-१, भिलाई
२९ मे

चि. भूषण यास अ. उ. आ.
आई सही करेना. म्हणे, पोराचं नाव असल्या कागदावर कशी लिहू, आणीन मी पाणी. मग तुझं पत्र वाचून दाखवलं. 'कंटाळा आला' तिथं तिनं थांबवलं. पुन्हा वाच म्हणाली. मग पेन मागितला.
काल तपासणीवाले आले. आईनं तोटी उघडून खाली पातेलं ठेवलं, म्हणाली, बसा, पाणी आलं की चहा ठेवते. बिचारे तासभर बसले, मग 'पाणी नाही' लिहून गेले.
आजपासून टँकर सुरू. आईचा निरोप, घरी ये, मोठा हंडा तुझ्यासाठी ठेवला आहे.
डोळ्याले जप. तुझीच,
सीमाताई