निळ्या शर्टाचं माप

प्रिय ढब्ब्या,

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस. काढल्यास तर बरंच, तेवढं तरी डोकं चालतंय म्हणेन.

मी डॉक्टरकडे जाऊन आले. तुझ्या जागी. तुला म्हटलं की तू ‘मी काय वेडा आहे का’ म्हणून भिंतीकडे तोंड करतोस, मग म्हटलं आपणच जावं. माझ्या दुकानात बायका नवऱ्याची जुनी पँट मापाला आणतात, नवरा कधी येतो का? तसंच तुझं दुखणं माझं म्हणून सांगायचं, गोळ्या घ्यायच्या आणि तुला पाठवून द्यायच्या. त्यात काय मोठंसं?

जिना चढले तर समोरासमोर दोन दारं, दोन्हींवर मनाबिनाचं काहीतरी लिहिलेली लांबलचक पाटी. वाचत कोण बसतंय? जवळचं दार ढकललं. आत एक बाई. टेबलावर ना कानाला लावायची नळी, ना सुई, नुसता कागदी रुमालांचा डबा. मी बसल्या बसल्या सगळं ओकून टाकलं. झोप नाही, जेवण जात नाही, मशीन सुरू झालं की धडकी भरते. आता गोळ्या लिहा, दुकानाला कुलूप घालून आलेय. तर म्हणते, मी डॉक्टर नाही, मला गोळ्या लिहिता येत नाहीत. मग इथं करता काय, असं मी तोंडावर विचारलं. म्हणाली, ऐकते. अरे, ऐकायला आमच्या गल्लीत माणसं काय कमी आहेत? भिंतींनासुद्धा कान आहेत! पण बाई चिडली नाही. म्हणाली, मी मनाचाच अभ्यास केलाय, भीती कशी बसते आणि कशी सोडवायची ते बोलत बोलत शिकवते. मग हळूच विचारलं, कुठल्या मशीनची धडकी भरते? मी बोलून गेले, शिलाई मशीनची. आणि पुढच्याच वाक्याला, दिवसभर मशीनवर बसून कंबर धरते म्हणून सांगितलं! तिनं नुसती भुवई उचलली. मग म्हणाली, झोप आणि भूक दोन्ही गेलीत तर समोरच्या डॉक्टरांनाही दाखवा.

तिथं बाहेर बाकावर थांबावं लागलं. आत गेले तोवर मला बोलायची चटकच लागली होती. तू लहानपणी माझ्या ताटातलं कसं पळवायचास तिथपासून सुरू केलं. या डॉक्टरनं मध्येच दंडाला पट्टा गुंडाळला, डोळे बघितले, आधीची औषधं विचारली, रक्त तपासू म्हणाला. हा आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांसारखा सगळ्या अंगाचं शिकलेला आणि मग वर मनाचं. अंगातच काही बिघडलंय का ते बघून मग गोळी ठरवतो. जेवण कधीपासून जात नाही म्हणाला, आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. माझा आकार तुला ठाऊकच आहे. वर म्हणतो, बाई, झोप येत नाही ना, मग मघाशी बाकावर कोण घोरत होतं? आतपर्यंत ऐकू येत होतं.

त्यानं समोरच्या बाईला बोलावलं. दोघं माझ्यापुढे असे उभे राहिले, जशी मी वर्गात कैरी खाताना सापडलेय. खरं सांगावंच लागलं. कारखान्यात तुझ्या जोडीदाराचा हात मशीनमध्ये गेला, तू शेजारी होतास. हात त्याचा गेला, झोप तुझी गेली. मी मुद्दाम विचारलं, याला वेड म्हणतात का? दोघं एकदमच नाही म्हणाले. असलं बघितल्यावर होतं माणसाला, म्हणाले. मग दोघांतलं कोण लागेल? डॉक्टर म्हणाला, झोपच नसेल तर तो हिच्याशी बोलणार कसा? बाई म्हणाली, नुसता झोपला तर भीती उशाशीच बसून राहील. पण तुला बघितल्याशिवाय काही देणार नाहीत. माप अंगावर घ्यावं लागतं म्हणे. हे मला सांगतात!

आता खरं काय ते लिहिते. परवा तुझ्या बायकोनं तुझा फोटो पाठवला. मला आधी रागच आला, याला कुणाचा शर्ट घातलाय म्हणून. खांद्याची शिवण पार दंडावर आलेली. मग तिसरं बटण दिसलं, वेगळ्या रंगाचं, मीच लावलेलं. शर्ट तुझाच होता, निळा, माझ्या हातचा. त्यात तूच नव्हतास. त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. मंगळवारी सकाळी येतेय तुला न्यायला. दाढी कर, नाहीतर तसाच नेईन. त्या दोघांना सांगून ठेवलंय. मी बाहेर बाकावर बसेन, आत येणार नाही, शक्यतो घोरणारही नाही. तुझी बायको विचारत होती, शर्ट दोन्ही बाजूंनी आत घेऊन द्याल का. तिला सांग, ताईनं आजवर कुणाला नाही म्हटलं नाही, पण त्या शर्टाला कात्री लावणार नाही. शर्ट आहे तसाच राहील. भरायचं तुला आहे.

तुझीच,
वाट बघायची सवय नसलेली
ताई